हिंमतरावांच्या चपला

"ताई, पाय आत घ्या. शेवटची फळी मारायचीय," सुतार म्हणाला.

मी पाय आत घेतले. त्याने चार खिळे ठोकले, वरून जांभळं कापड ताणलं आणि मी व्यासपीठाच्या पोटात बंद झाले. सोबत एक उशी, पाण्याची बाटली, बॅटरी आणि मांडीवर संवादांचे कागद.

"घुसमटत नाही ना?" बाहेरून आवाज आला.

"नाही. पण मला विसरून जाऊ नका."

"कसं विसरेन, ताई," असं म्हणून तो गेला, आणि संध्याकाळपर्यंत मला साफ विसरला.

व्यासपीठ दोन टप्प्यांचं होतं. मागचा टप्पा उंच, त्यावर पाहुण्यांच्या खुर्च्या. पुढचा ठेंगणा, त्यावर माइक. मी उंच टप्प्याच्या खाली जमिनीवर बसलेली. दोन टप्प्यांमधल्या उभ्या फळीत माझ्यासाठी वीतभर फट ठेवली होती. त्या फटीतून मला माइकपुढे उभ्या राहणाऱ्या माणसाच्या टाचा, धोतराचा काठ आणि कोल्हापुरी चपलांचे लाल गोंडे दिसणार होते. त्याहून जास्त काही नाही. प्रॉम्प्टरला त्याहून जास्त लागतही नाही.

आज माझी नात विचारते, आजी, तू टीव्हीवर काम करायचीस म्हणजे काय करायचीस? मी सांगते, मी न दिसण्याचं काम करायचे. नाटकात असताना विंगेत उभी राहायचे. नटाचा शब्द अडला की तो त्याच्यापर्यंत पोचवायचा आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला ऐकू जाऊ द्यायचा नाही, एवढीच विद्या. आवाज फेकायचा नसतो, सरकवायचा असतो. नाटकं कमी झाली आणि मालिका आल्या, तेव्हा आमचे दिग्दर्शक शिरीष देवस्थळी मला म्हणाले, "कुमुदताई, मालिकेत प्रॉम्प्टर नसतो. पण आमच्या हिरोसाठी लागणार." म्हणून मी गेले. टीव्हीत विंग नसते, त्यामुळे कधी सोफ्याच्या मागे, कधी लाकडी कपाटात, आणि एकदा तर पाण्याच्या पिंपात बसून मी संवाद दिले. पिंप रिकामं होतं, पण तळाशी थोडं राहिलं होतं.

मालिकेचं नाव होतं 'आधी आम्ही'. एका वसाहतीत हिंमतराव नावाचा एक गृहस्थ पुढारी होतो. त्याचं म्हणणं एकच, जे माझ्यानंतर इथे राहायला आले ते सगळे बाहेरचे, त्यांनी निघून जावं. लोकांना ते पटतं. मग दर आठवड्याला त्याच्याही आधी आलेला कुणीतरी निघतो आणि हिंमतरावाची पंचाईत होते. एका भागात तर वसाहतीतली चिंचच सगळ्यात जुनी निघाली आणि तिला अध्यक्ष करावं लागलं. बुधवारी रात्री मालिका लागायची तेव्हा आमच्या इमारतीत जिन्यात माणूस दिसत नसे.

हिंमतराव करायचा नरसय्या गड्डम. सोलापूरचा. आजोबा तेलंगणातून हातमागावर काम करायला सोलापुरात आलेले, वडील चादरीच्या कारखान्यात. नरसय्या मात्र नाटकाच्या नादाने मुंबईला आला आणि वीस वर्षं हवालदार झाला. कुठल्याही नाटकात, कुठल्याही सिनेमात, मागे दांडकं घेऊन उभा, आणि तोंडी एकच वाक्य, "जी साहेब." वीस वर्षं दोन शब्दांवर काढल्यावर लांब वाक्य पाठ करायची सवय राहते कुठे? पण एकदा शब्द कानावर पडला की तो असा काही उच्चारायचा की लिहिणाऱ्यालाही वाटावं, हे आपण लिहिलं होतं?

हिंमतराव कसा दिसावा, कसा बोलावा, हे त्याने आमच्या भागातल्या एका खऱ्याखुऱ्या पुढाऱ्यावरून उचललं होतं. दौलतराव इंगवले. 'स्थानिक हक्क मंच' त्यांचा. नरसय्याने त्यांच्या सभांना मागे उभं राहून त्यांचा घोगरा आवाज उचलला, मिशा उचलल्या, लाल गोंड्याच्या कोल्हापुरी उचलल्या, आणि बोलता बोलता मध्येच उजवा पाय आपटायची लकब उचलली. पाय का आपटतात ते त्याला ठाऊक नव्हतं. आम्ही मात्र त्या लकबीचा उपयोग केला. वाक्य विसरलं की नरसय्याने पाय आपटायचा, मी पुढचं द्यायचं. प्रेक्षकांना वाटायचं, काय आवेश आहे.

आता त्या दिवशीचा पेच काय होता ते सांगते.

दोन दिवसांपूर्वी इंगवले साहेबांचे सेक्रेटरी, बोडके, स्टुडिओत आले होते. सफारीतला, नाकावर चष्मा घसरलेला माणूस. शिरीष घाबरून पांढरे पडले. नक्कल केल्याबद्दल मालिका बंद पाडायला आलेत, असं आम्हाला सगळ्यांनाच वाटलं.

"साहेब न चुकता बघतात," बोडके म्हणाले. "साहेबांना आवडते."

"आवडते?" शिरीष म्हणाले.

"हिंमतरावाचं म्हणणं साहेबांना पूर्ण मान्य आहे."

शिरीषनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.

"तक्रार एकच आहे," बोडके म्हणाले. "हा जो नट आहे, गड्डम. हा बाहेरचा आहे असं कळलं. साहेबांसारखी भूमिका आणि ती करणार बाहेरचा माणूस? मंचाच्या पोरांना चालणार नाही. आपला नट घ्या."

"अहो, तो सोलापूरचा आहे," मी म्हणाले.

"आडनाव सोलापूरचं नाही, ताई."

"आडनाव सोलापूरच्या अर्ध्या पेठेचं आहे."

"ते मी साहेबांना समजावू शकत नाही," बोडके जरा ओशाळून म्हणाले. "मी फक्त साहेबांच्या मागे उभा राहून त्यांना शब्द देतो. साहेब पाय आपटतात, मी पुढचं सांगतो. ऐन सभेत माझा शब्द ते कधी तपासत नाहीत. पण घरी माझं एक ऐकत नाहीत."

मला त्या माणसाबद्दल एकदम आपुलकी वाटली. एकाच धंद्यातले आम्ही. पण त्याने तर माझ्या नरसय्याच्या पोटावर पाय दिला होता.

वाहिनीवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी शिरीषना फोन केला. रविवारी सभेचा मोठा प्रसंग चित्रित करा, तो गड्डमचा शेवटचा. सोमवारपासून दुसरा हिंमतराव. शिरीषनी नरसय्याला सांगितलं तेव्हा तो चपला घालत होता. नवी कोल्हापुरी चावून त्याची डावी टाच सोलवटली होती, मेकअपवाल्याने तिला पांढरी पट्टी लावली होती.

"बरं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "हवालदाराचं काही आहे का पुढे?"

त्यावर शिरीष बाहेर निघून गेले. त्यांना आमच्यासमोर रडायचं नव्हतं.

असा तो रविवार होता.

मैदान खाडीच्या बाजूला. तीनशे माणसांची गर्दी हवी होती आणि तेवढी भाड्याने आणणं परवडणारं नव्हतं, म्हणून शिरीषनी वस्तीत सांगून ठेवलं, शूटिंगला येणाऱ्या प्रत्येकाला वडापाव आणि चहा. तीनशे काय, मैदान भरलं. फटीतून मला काही दिसत नव्हतं, पण वास येत होता, आणि मी सकाळपासून उपाशी होते. गर्दीत आमचे चार-पाच शिकवलेले नटही पेरले होते. ठरलेल्या वाक्यानंतर त्यांनी ठरलेला प्रश्न विचारायचा.

नरसय्या सकाळी एकदा फटीशी येऊन वाकला होता.

"ताई, आहात ना?"

"जाणार कुठे? खिळे मारलेत."

"आज पाय जास्त वेळा आपटेन. डोक्यात काही राहत नाहीये."

"आपट. मी आहे."

"शेवटचाच आहे म्हणून जरा चांगला करायचाय," तो म्हणाला, आणि मिशी चिकटवायला गेला.

मग बराच वेळ काही झालं नाही. आत उकडत होतं. डोळा लागायच्या बेताला आला आणि एकदम बाहेर गलका झाला. गाड्यांची दारं आपटल्याचे आवाज, ताशा, "साहेबांचा विजय असो." मी सावरून बसले. ताशा ठरला नव्हता, पण शिरीष ऐन वेळी काहीबाही वाढवतात. मग कर्ण्यातून शिरीषचा आवाज आला, जरा चिरकाच, "शांत राहा. साहेब बोलणार आहेत. कॅमेरा चालू." आणि नंतर कॅमेरावाला ओरडला, "अहो, तुम्ही फ्रेममधून बाहेर व्हा. हो, तुम्हीच, सफारीवाले."

फळ्या करकरल्या. माझ्या फटीपुढे येऊन कोल्हापुरी चपला थांबल्या. लाल गोंडे. धोतराचा काठ. मी बॅटरी लावली आणि कागदावर बोट ठेवलं.

"बंधूंनो आणि भगिनींनो," वरून घोगरा आवाज आला. मग थांबला. मग उजवा पाय आपटला.

इतक्यात? मी मनात म्हटलं, अरे नरसू, पहिल्याच वाक्याला? आणि शब्द सरकवला. "आज तुमच्या घरात कोण शिरलंय?"

"आज तुमच्या घरात," आवाज दुमदुमला, "कोण शिरलंय?"

वा. काय आवाज लावला होता. मी पुढचं दिलं.

"तुमच्या हातात काय आहे ते बघा."

"तुमच्या हातात काय आहे ते बघा."

"वडा आहे. त्या वड्यात कोण लपलंय?"

"वडा आहे. त्या वड्यात," इथे त्याने असा काही विराम घेतला की मला आतल्या आत दाद द्यावीशी वाटली, "कोण लपलंय?"

मैदान चिडीचूप. शेकडो माणसं हातातल्या वड्याकडे बघत असणार.

"बटाटा. हा बटाटा कुठला? समुद्रापलीकडचा. जहाजातून आला, आपल्या बेसनात शिरला आणि आता म्हणतो, वडा माझ्याच नावाचा."

ते तसंच्या तसं गेलं. शेवटच्या शब्दावर तर त्याने माइकला असा हात मारला की कर्णा शिट्टी वाजवू लागला. आणि मग जे झालं ते कागदावर नव्हतं. लोक हसले नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "बरोबर आहे," कुणीतरी ओरडलं. "हाकला त्याला."

मला वाटलं, आज नरसय्या गाजवतोय. जाता जाता दाखवून देतोय सगळ्यांना. मी पुढचं पान उलटलं.

पाय आपटला.

"मिरची? ती बाहेरची. पाव? तो बाहेरचा. आजपासून वडा आतून रिकामा."

"आजपासून," आवाज फुटायच्या बेताला आला, "वडा आतून रिकामा."

"खाल्लाय त्याचं काय, साहेब?" पेरलेल्यांपैकी एकाने आपला प्रश्न विचारला.

"खाल्लेला पुरावा समजला जाईल," मी सांगितलं. वरून तेच आलं. पुन्हा टाळ्या.

"अन् एकादशीला?" एका बाईचा आवाज आला. ही आमची नव्हती. हा प्रश्न कागदावर अजून दोन ओळी खाली आमच्या बाईने विचारायचा होता. "साबुदाणा चालतो का?"

"साबुदाणा बाहेरचा. शेंगदाणा बाहेरचा," मी दिलं. "उपासाला निर्धार खायचा."

"उपासाला निर्धार खायचा," वरून गर्जना झाली.

"अहो, मुलांना काय देऊ?" ती बाई खरोखरच विचारत होती.

पाय आपटला. मी पुढची ओळ शोधायला खाली बघितलं, आणि तेवढ्यात फळ्या पुन्हा करकरल्या. कुणीतरी बाजूच्या पायऱ्यांवरून धावत वर आलं आणि थांबलं. मी फटीतून पाहिलं.

दोन जोड.

लाल गोंड्याच्या दोन जोड कोल्हापुरी. दोन धोतरं. एक जोड जुनी, वापरून काळी झालेली, आतल्या टाचा भेगाळलेल्या, पण पट्टी नसलेल्या. शेजारची नवीकोरी, आणि तिच्यातल्या डाव्या टाचेला पांढरी पट्टी.

पट्टीवाल्या चपला जराशा मागे सरकल्या. जुन्यांतली उजवी आपटली.

इतका वेळ मी टाचेकडे पाहिलंच नव्हतं. आवाज ओळखीचा, लकब ओळखीची, मग टाच कोण बघतो? नरसय्या मिशी चिकटवायला गेला होता. गर्मीने गोंद धरेना म्हणून अडकला होता, हे मला मागून कळलं. आणि इंगवले साहेब गाडीतून जात होते. तयार गर्दी, तयार माइक, चालू कॅमेरा आणि समोर कुणीच नाही, हे बघून ते उतरले होते. त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती? बोडके नेहमीसारखे मागे उभे राहायला गेले, तर कॅमेरावाल्याने त्यांना फ्रेमबाहेर काढलं. साहेबांना ते माहीत नव्हतं. पाय आपटला, मागून आवाज आला. आवाज बायकी होता की पुरुषी, याचा विचार करायची साहेबांना सवयच नव्हती.

पाय पुन्हा आपटला. जरा जोरात.

मैदान थांबलं होतं. माझ्या हातातल्या कागदावर पुढची ओळ होती. त्या ओळीत हिंमतराव जोशात येऊन स्वतःच्या बायकोलाही बाहेरची ठरवतो, कारण ती लग्न करून नंतर आली. ती देऊन टाकली असती तर मजा आली असती. साहेबांच्या घरी जास्त मजा आली असती. गप्प बसले असते तर सभा तिथेच मोडली असती, साहेबांनी मागे वळून पाहिलं असतं, बोडके सापडले नसते आणि खापर फुटलं असतं नरसय्यावर. तो तर शेजारीच उभा होता, अर्ध्या मिशीने.

प्रॉम्प्टरने स्वतःचं वाक्य द्यायचं नसतं. ज्यांच्याकडे मी हे काम शिकले त्यांनी मला एवढी एकच गोष्ट दोनदा सांगितली होती. नट चुकला, नाटक पडलं, पडदा जळला, तरी कागदावर आहे तेच. मी बॅटरी विझवली.

पाय आपटला.

"हा माझ्या शेजारी उभा आहे त्याला बघा," मी म्हणाले.

"हा माझ्या शेजारी," साहेब जोरात म्हणाले, वळले, आणि शेजारी स्वतःलाच उभं पाहून क्षणभर अडखळले. पण सवय मोठी असते. "उभा आहे त्याला बघा."

"हा सोलापूरचा आहे."

"हा सोलापूरचा आहे."

"हा माझं काम करतो, आणि माझ्यापेक्षा बरं करतो."

इथे मात्र जुनी चप्पल फळीवर घासली. मग आवाज आला, "हा माझं काम करतो." बस, एवढंच. तेवढी काटछाट आमचे नटही करतात.

"याला कुणी कामावरून काढलं तर त्याची गाठ माझ्याशी आहे."

हे साहेबांच्या तोंडात बसलेलं वाक्य असावं. ते त्यांनी अशा काही ठेक्यात म्हटलं की माझ्या डोक्यावरच्या खुर्च्या थरथरल्या. "याला कुणी कामावरून काढलं, तर त्याची गाठ या दौलतराव इंगवल्याशी आहे."

मैदानात टाळ्या, शिट्ट्या वाजल्या. ताशा सुरू झाला. पट्टीवाल्या टाचा जागच्या हलल्या नाहीत. लांबून कर्ण्यातून हुंदक्यासारखा आवाज आला, तो शिरीषचा असावा, कारण नंतर लगेच "कट" ऐकू आलं.

मग फटीपुढचा उजेड गेला. धोतर सावरत कुणीतरी वाकलं आणि फटीत एक मिशाळ, घामेजलेला चेहरा दिसला. आजवर मी त्यांना पोस्टरवरच पाहिलं होतं. पोस्टरवर ते जास्त गोरे होते.

"कोण आहे आत?"

"नमस्कार साहेब. मी कुमुद मोहिले. प्रॉम्प्टर."

"बोडके कुठाय?"

"फ्रेमच्या बाहेर आहेत."

साहेबांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. आत एक बाई उशीवर बसलेली, मांडीवर कागद. "ते बटाट्याचं लिहिलेलं होतं?"

"हो. मालिकेतलं आहे."

"आणि शेवटचं? या माणसाचं?"

"ते नव्हतं. ते माझं."

मला वाटलं, आता फळीसकट उचलून बाहेर काढतात. साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. बाहेर अजून शिट्ट्या चालू होत्या आणि त्यांचा एक कान तिकडेच होता.

"सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडल्या," ते म्हणाले.

"हो साहेब. मी ऐकल्या."

"बोडके फार जपून देतो. बटाट्यावर त्याने मला कधी जाऊच दिलं नसतं." मग आवाज उतरवून, "आमच्याकडे येता का? मंचावर खुर्ची देतो. असं आत बसवणार नाही."

"मला आतच बरं वाटतं, साहेब."

"विचार करा," ते म्हणाले आणि उठले. वर मी त्यांना शिरीषना सांगताना ऐकलं, "हे जे घेतलंत ना, हेच लावायचं. कापायचं नाही. बुधवारी घरचे सगळे बघणार आहेत." शिरीष म्हणाले, "पण साहेब, तो प्रसंग हिंमतरावाचा आहे." साहेब म्हणाले, "मग मी काय वेगळं बोललो?"

शिरीषनी कर्ण्यातून सामान आवरायला सांगितलं.

ताशा लांब गेला. गाड्या गेल्या. माणसं पांगली. दिवे, तारा, खुर्च्या उचलल्याचे आवाज आले. मी दोनदा "अहो" म्हटलं, पण मला आवाज फक्त सरकवता येतो. पहिल्या रांगेपलीकडे तो कधी गेलेलाच नाही. अंधारून आलं तेव्हा फटीपुढे पांढरी पट्टी दिसली.

"ताई, सुतार गेला. हातोडी शोधायला माणूस पाठवलाय."

"चालेल. भूक लागलीय मला."

नरसय्या वर फळीवरच मांडी घालून बसला. कागदात गुंडाळलेलं काहीतरी त्याने फटीशी धरलं. गार झालेला वडापाव होता.

"बटाटा काढून देऊ, की तसाच?"

"तसाच दे."

मी खाल्लं. मिशीचा उरलेला अर्धा भाग त्याने काढून खिशात ठेवला होता.

"शिरीष म्हणाले, उद्या नेहमीच्या वेळेला ये," तो म्हणाला. "वाहिनीवाल्यांचाही फोन येऊन गेला. साहेबांनी भर सभेत सांगितल्यावर कोण काढतंय."

"बरं झालं."

"ताई, मी सोलापूरचा, एवढं सांगितलंत तुम्ही. माझे आजोबा कुठून आले ते नाही सांगितलंत."

"एवढं लांब वाक्य साहेबांना पेललं नसतं."

तो हसला. मग बराच वेळ हसत राहिला, फळीवर हात मारत, आणि वरची धूळ माझ्या वड्यावर पडली तरी मी काही बोलले नाही.

बुधवारी तो भाग लागला. इंगवले साहेबांचा सबंध प्रसंग, एकही शब्द न कापता, 'आधी आम्ही'मध्ये. जवळून चेहरा कुठेच नव्हता, कारण कॅमेरावाला घाबरून लांबच राहिला होता, आणि शेवटच्या वाक्यातलं साहेबांचं नाव शिट्ट्यांत बुडालं होतं. शेजारी उभा असलेला अर्ध्या मिशीचा माणूस लोकांना हिंमतरावाचा भाऊ वाटला. नावांच्या पाटीत साहेबांचं नाव नव्हतं. त्यांनीच नको म्हटलं होतं, शिरीषना कारण विचारायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मजल्यावरच्या सरपोतदार वहिनी दूध घ्यायला बाहेर आल्या. दर गुरुवारी आदल्या रात्रीच्या भागावर त्या मला मत द्यायच्या आणि मी ते नरसय्यापर्यंत पोचवायचे.

"भाग चांगला होता, कुमुदताई," त्या म्हणाल्या. "पण ते सभेचं भाषण नाही पटलं. एरवी इतकं खरं करतो तो गड्डम, काल मात्र उघडा पडला. बटाटा हाकला म्हणे. किती ते ओढूनताणून. खरा पुढारी असं बोलेल का कधी?"

मी स्टुडिओत गेल्यावर नरसय्याला ते जसंच्या तसं सांगितलं. तो आरशापुढे बसला होता, मिशीला गोंद लावून घेत. ऐकून त्याने मान डोलावली, मेकअपवाल्याचा ब्रश गालभर फिरला.

"वहिनींचं बरोबर आहे," तो म्हणाला. "साहेब चांगले आहेत, पण हिंमतराव त्यांना अजून जमत नाही. थोडी तालीम पाहिजे."